शर्मनचे नेकटाय : रूळ उखडणाऱ्या शिपायांचं एक जुनं चित्र

अटलांटाकर

मंडळी, गेल्या शनिवारी इथल्या जुन्या बाजारातून चौकटीसकट एक चित्र उचललं. नक्कल आहे, मूळ प्रत नव्हे. बायकोचा पहिला प्रश्न : "भिंतीवर टांगायला दुसरं काही मिळालं नाही? नुसती नासधूस आहे यात."

नासधूस आहे खरी. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या (१८६१-६५, उत्तर विरुद्ध दक्षिण) उत्तरेच्या शर्मनच्या समुद्रापर्यंतच्या कूचाचं चित्र. काढलं फेलिक्स डार्लीने, कोरलं अलेक्झांडर हे रिचीने, साल १८६८. पुढ्यात उत्तरेचे शिपाई पहारी घालून रूळ उचकटताहेत, तारेच्या खांबाची वाट लावताहेत. गाठोडी घेऊन निघालेली काळी माणसं आहेत. घोड्यावर खुद्द जनरल शर्मन. मागे धूर.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी : २ सप्टेंबर १८६४ ला अटलांटा उत्तरेच्या हातात आलं. नोव्हेंबरच्या मध्यावर शर्मन सुमारे ६२ हजार माणसं घेऊन तिथून निघाला, मागच्या रसदेची दोरी स्वतःच कापून. वाटेत मिळेल ते खायचं आणि रेल्वे दिसेल ती मोडायची. २१ डिसेंबरला सव्हाना शहर घेतलं आणि लिंकनला तार केली की नाताळची भेट म्हणून हे शहर, दीडशे तोफा आणि कापसाच्या सुमारे २५ हजार गाठी स्वीकाराव्यात.

मी राहतो तो भाग म्हणजे या सगळ्याचं अंगणच. इथे "शर्मनचे नेकटाय" हा शब्द शाळेतल्या पोरांनाही माहीत असतो : झाडाच्या बुंध्याला गळ्यातल्या टायसारखे गुंडाळलेले रूळ. माझा प्रश्न साधा आहे. चित्रात रूळ नुसता उचलताना दिसतो. उचललेला रूळ परत ठेवायला कितीसा वेळ लागतो? आणि लोखंडाचा रूळ माणसांनी झाडाला गुंडाळला तरी कसा?

माईंचा चहा

वाचतेय. वहिनींचं बरोबर आहे, दिवाणखान्यात नको. :)

परमनंटवे

३४ वर्षं रेल्वेत रूळ सांभाळण्यात गेली, त्यातली बरीचशी भुसावळकडे. त्यामुळे चित्र बघून आधी हात शिवशिवले, मग पोटात गोळा आला.

तुमच्या पहिल्या प्रश्नातच सगळं आहे. उखडलेला रूळ म्हणजे मोडलेला रूळ नव्हे. स्लीपर (रुळांखालच्या आडव्या लाकडी तुळया) जागेवर असतील, खिळे गोळा करता येत असतील, तर पंचवीस-तीस जणांची गँग दिवसभरात बराच पल्ला मारते. म्हणून नुसतं उचकटून पुढे जाणारं सैन्य शत्रूची फक्त गैरसोय करतं.

आता पद्धत. तेव्हाच्या अमेरिकेत रूळ सरळ लाकडी स्लीपरवर खिळ्यांनी ठोकलेले. रुळाच्या एका अंगाला शिपायांची लांब रांग, प्रत्येकाच्या हातात एका स्लीपरचं टोक. हुकूम झाला की सगळे एकदम उचलणार, आणि नांगरटीत माती पलटावी तसा रूळ-स्लीपरचा सगळा पट्टाच उलटा. आपटल्यावर बरेच खिळे आपोआप ढिले. मग स्लीपर उपसायचे, त्यांची चौकोनी रास रचायची, जळतण खुपसायचं आणि रूळ त्यावर आडवे टाकायचे, मध्य आगीवर आणि दोन्ही टोकं बाहेर. जॉर्जियात पाइनचं लाकूड मुबलक, जाळ काही वेळातच धडाडतो. मधला भाग तांबडालाल झाला तरी टोकं धरण्याइतपत गार राहतात, कारण रूळ लांब असतो. दोन्ही टोकांना माणसं लागली की झाडाला गुंडाळणं ताकदीपेक्षा वेळेचं काम. गार व्हायच्या आत उरकलं पाहिजे.

म्हणजे ज्या लाकडाने रूळ पेलायचा त्याच लाकडावर तो भाजायचा. बाहेरून काडीही आणावी लागत नाही.

सांडशी

काका, टोकं गार राहतात हे वाचून आजोबांचं धाव चढवणं आठवलं. आमचं घराणं लोहाराचं. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवायची तर जमिनीवर गोवऱ्यांचं कडं रचून धाव त्यात पुरायची. सगळी सारखी लाल व्हायला हवी, कुठे काळा डाग राहिला की आजोबा शिव्या घालायचे. मग तिघांनी सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि पाण्याच्या घागरी ओतायच्या. चर्र आवाज आणि लाकूड करपल्याचा वास. गरम लोखंड ऐकतं, गार झालं की हट्टी होतं, हे आजोबांचं वाक्य.

पण एक शंका. वाकवलेलं लोखंड आजोबा परत तापवून सरळ करायचेच की. मग दक्षिणेचे लोहार काय करत होते?

परमनंटवे

सांडशी, शंभर नंबरी प्रश्न. नुसता वाकवलेला रूळ सरळ होतोच. म्हणून खरा मुद्दा वाक नाही, पीळ. रूळ लाल असताना दोन्ही टोकं उलट दिशांनी फिरवली की ओला टॉवेल पिळल्यासारखा मळसूत्री होतो. तो भट्टीत घालून हातोड्याने सरळ होत नाही. तुकडे करून रोलिंग मिलमध्ये नव्याने लाटावा लागतो.

चिकित्सक चिंतू

काकांच्या म्हणण्याला लेखी आधार आहे. १८ जुलै १८६४ रोजी, अटलांटाच्या वेशीवर असताना, शर्मनने हाताखालच्या जनरल मॅकफर्सनला कळवलं होतं ते हेच : नुसते वाकवलेले रूळ पुन्हा वापरता येतात, लाल करून पिळलेले येत नाहीत, तेव्हा अधिकाऱ्यांनी माणसांना तसं शिकवावं. लाखभर माणसांच्या सैन्याचा सरसेनापती लोहारकामाची कृती लिहून पाठवतोय!

गंमत अशी की पुढे आठवणी लिहिताना तोच शर्मन म्हणतो, आमचा मुख्य इंजिनियर ऑर्लँडो पो याने उखडायची आणि पिळायची हत्यारं करून घेतली होती, पण सर्वांत सोपं म्हणजे मध्ये तापवून तारेच्या खांबाला नाहीतर जवळच्या झाडाला गुंडाळणं. म्हणजे हुकूम पिळायचा आणि आवड गुंडाळण्याची. नेकटाय हे नाव दुसऱ्या प्रकाराला मिळालं आणि तेच लोकांच्या तोंडी बसलं.

परमनंटवे

विसंगती फारशी नाही हो चिंतूशेठ. पो इंजिनियर, त्याच्या माणसांकडे हत्यारं होती : एक आकडा रुळाच्या कडेला अडकवायचा आणि लांब दांडीने फिरवायचा. पण बासष्ट हजारांत अशी किती जणांच्या हातात असणार? बाकीच्यांना झाड पुरतं.

आणि मोडायची विद्या काढली कोणी? बांधणाऱ्यांनीच. उत्तरेच्या लष्करी रेल्वेत हर्मन हॉप्ट नावाचा जबरदस्त माणूस होता. १८६२ मध्ये पोटोमॅक क्रीकवर त्याने कच्च्या लाकडाचा चारशे फूट लांबीचा पूल अननुभवी शिपायांकडून दोन आठवड्यांच्या आत उभा करून घेतला. तो बघून लिंकन म्हणाला होता की या पुलात कडधान्याच्या वेलांचे टेकू आणि मक्याची धाटं यांपलीकडे काही नाही, आणि तरी वरून गाड्या जाताहेत! त्याच हॉप्टच्या हाताखालच्या स्मीडने रूळ पिळायचे लोखंडी आकडे काढले. प्रयोगांचे फोटो ए. जे. रसेलकडून काढून घेतले, म्हणजे इतरांना बघून शिकता यावं. हाच रसेल १८६९ मध्ये प्रॉमंटरीला दोन किनाऱ्यांची रेल्वे जोडली गेली तेव्हाचा तो प्रसिद्ध फोटो काढणारा. एकाच कॅमेरावाल्याने रूळ मोडायचे धडे टिपले आणि रूळ जुळल्याचा सोहळाही.

जुनाट_कागद

आता चित्राबद्दल. अटलांटाकर, तुम्ही घेतलंय ते बातमीचं चित्र नाही, युद्ध संपून तीन वर्षांनी विकायला काढलेलं घरात लावायचं चित्र आहे. (वहिनींना सांगा, तेव्हाच्या लोकांनी हे खरोखर दिवाणखान्यात लावलं.)

युद्ध चालू असतानाची चित्रं वेगळी. हार्पर्स वीकलीचा थिओडोर डेव्हिस शर्मनच्या सैन्याबरोबर फिरत होता. तो पेन्सिलीने भराभर रेखाटन करून पाठवायचा. तिकडे ते बॉक्सवूड नावाच्या कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर उतरवायचे. ठोकळा एकसंध नसायचा, लहान तुकडे मागून बोल्टने जोडलेले असायचे. चित्र उतरलं की बोल्ट सोडून एकेक तुकडा एकेका कारागिराला द्यायचा, म्हणजे एका रात्रीत पाच-सहा जण मिळून एकच लढाई कोरणार. नंतर पुन्हा जोडणी. जुन्या अंकात कधी कधी आभाळातून जाणारी बारीक पांढरी रेघ दिसते, ती सांध्याची.

रिचीला असली घाई नव्हती. तो पोलादी पत्र्यावर काम करणारा माणूस. पत्र्यावर बारीक रेषा आणि मऊ काळसर छटा दोन्ही येतात, म्हणून धूर असा पिंजलेल्या कापसासारखा दिसतो. आणि डार्ली तर कथा-कादंबऱ्यांची चित्रं काढून नावाजलेला. त्याने एका चौकटीत पाच आठवडे आणि शेकडो मैल कोंबलेत : रूळ, तारा, आग, सुटलेले गुलाम, सेनापती. प्रत्यक्षात इतकं सगळं एका जागी, एका वेळी कुणी पाहिलं नसणार. रंगमंचावरचा शेवटचा प्रवेश असतो तसं आहे ते. त्यात उचललेला रूळ घेतला कारण उचलणाऱ्या माणसाची पाठ, दंड, ताण काढता येतो. पिळलेला रूळ जमिनीवर पडलेला काढला तर गांडुळासारखा दिसेल.

चिकित्सक चिंतू

गांडूळ! :D पण पटलं.

काळा कोट

मी जरा वेगळं बोलतो. इथे सगळे तंत्राचं कौतुक करताहेत. लोकांची धान्याची कोठारं लुटली, जनावरं नेली, याला काय म्हणायचं? शर्मनने स्वतःच्या अहवालात जॉर्जियाचं नुकसान दहा कोटी डॉलर धरलंय आणि त्यातलं फक्त दोन कोटींचं आम्हाला उपयोगी पडलं, बाकी निव्वळ नासाडी, असं स्वतःच लिहिलंय.

अटलांटाकर

कोटसाहेब, हा वाद इथे अजून थांबलेला नाही. माझे शेजारी आजोबा शर्मनचं नाव घेताना आवाज बदलतात. पण रेल्वे मोडणं ही काही शर्मनची मक्तेदारी नव्हती. दक्षिणेच्या स्टोनवॉल जॅक्सनने १८६१ मध्येच मार्टिन्सबर्गला बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेची चाळीसच्या वर इंजिनं जाळली-मोडली, आणि त्यातली कामाची काही पुढे घोडे जुंपून साध्या रस्त्याने ओढत नेली. इंजिनाला घोडे!

माईंचा चहा

मला त्या चित्रातल्या गाठोडेवाल्यांबद्दल विचारायचंय. त्यांचं पुढे काय झालं? तुम्ही सगळे दोन पानं झाली रुळाभोवतीच फिरताय.

अटलांटाकर

माई, हा भाग सांगायचा मीच टाळत होतो. हजारो गुलाम मळे सोडून सैन्याच्या मागे चालत आले. ९ डिसेंबर १८६४ ला एबेनेझर क्रीकपाशी उत्तरेचाच एक सेनानी जेफरसन सी. डेव्हिस (दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस वेगळा, फक्त नाव सारखं) याने आपलं सैन्य पलीकडे गेल्यावर तरंगता पूल काढून घेतला. मागे ही माणसं, त्यांच्या मागून दक्षिणेचं घोडदळ. थंडगार पाण्यात उड्या टाकून कितीतरी जण बुडाले, उरलेले पकडले गेले.

बोभाटा वॉशिंग्टनपर्यंत गेला. १२ जानेवारी १८६५ ला शर्मनने सव्हानात वीस काळ्या धर्मोपदेशकांना बोलावून विचारलं, तुम्हाला काय हवं? त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर बोलला : जमीन द्या, आम्ही कसून खाऊ. चारच दिवसांनी शर्मनचा १५ नंबरचा हुकूम निघाला, किनारपट्टीची जमीन चाळीस-चाळीस एकरांनी या कुटुंबांना द्यायचा. त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सनने बरीचशी जमीन जुन्या मालकांना परत केली.

माईंचा चहा

मग तुमच्या त्या डार्लीने गाठोडी काढली, पण काढून घेतलेला पूल नाही काढला.

जुनाट_कागद

माई, दंडवत.

वऱ्हाडी ठेचा

अटलांटाकर भाऊ, त्या तारेतल्या २५ हजार गाठींवर मी अडकलो ना! आमच्या वऱ्हाडच्या कापसाची सगळी गोष्ट त्यातच हाय.

उत्तरेनं दक्षिणेची बंदरं कोंडली तसा विलायतेतल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव. त्याच काळात इकडे जीआयपी रेल्वे चढत होती, बोरघाट १८६३ मध्ये खुला झाला, खानदेश-वऱ्हाडाकडे रूळ सरकत होते. म्हणजे जॉर्जियात रूळ उखडत होते तेव्हा आपल्याकडे अंथरत होते, आणि दोन्हीच्या मागं कापूसच. मुंबईत पैशाचा पूर आला, बॅक बे भरावाच्या शेअरपायी लोक येडे झाले, प्रेमचंद रायचंदचा शब्द म्हणजे टांकसाळ. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेच्या जनरल लीनं शरणागती दिली आणि भाव कोसळला. १ जुलैला सौद्यांचे हिशेब चुकते करायची वेळ आली तेव्हा मोठमोठी घराणी धुपली. राजाबाई टॉवर तेवढा उरला, तो प्रेमचंदानं तेजीत दिलेल्या देणगीतून.

काळा कोट

ठेचा, हे मस्त. अवांतर वाटलं होतं, पण नाही.

चिकित्सक चिंतू

एक दुरुस्ती आधीच करून ठेवतो, कारण कोणीतरी तो फोटो इथे डकवणारच. अटलांटातला तो प्रसिद्ध फोटो, जॉर्ज बर्नार्डचा, ज्यात रुळावर डब्यांची नुसती चाकं उरलीत आणि मागे कारखान्याची धुराडी उभी आहेत. लोक त्याखाली सर्रास "शर्मनने केलेला विध्वंस" लिहितात. ते काम शर्मनचं नाही. दक्षिणेच्या जनरल हूडने १ सप्टेंबरच्या रात्री शहर सोडताना स्वतःचीच दारूगोळ्याची गाडी पेटवून दिली. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून. स्फोटात शेजारची रोलिंग मिल गेली.

परमनंटवे

चिंतूशेठ, तुम्हाला कल्पना नाही तुम्ही काय सांगितलंत! ती मिल १८५८ मध्ये उभी राहिली तीच मुळी झिजलेले रूळ परत लाटण्यासाठी. युद्धात ती चिलखती पत्रे करत होती. दक्षिणेत असल्या मोठ्या मिला बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणजे शर्मनने पिळलेला रूळ सरळ करायचं एक मोठं ठिकाण हूडने आधीच उडवून दिलं होतं. सांडशीच्या प्रश्नाचं हे खरं उत्तर. लोहार होते, लाटणं नव्हतं.

उलट उत्तरेकडे काय होतं बघा. त्या उन्हाळ्यात शर्मनचं सगळं सैन्य लुईव्हिल-नॅशव्हिल-चॅटनूगावरून येणाऱ्या ४७३ मैलांच्या एकेरी लाइनीवर जगत होतं. त्याने पुढे हिशेब मांडलाय : एक लाख माणसं, ३५ हजार जनावरं, १९६ दिवस. हेच सामान गाड्यांनी आणायचं तर सहा-सहा खेचरांच्या ३६,८०० गाड्या लागल्या असत्या, आणि त्या रस्त्यांवर ते अशक्यच होतं. रेल्वे म्हणजे काय हे त्याला पोटातून माहीत होतं, म्हणून ती नीट मोडता आली.

नीट न मोडल्याचाही नमुना आहे. ऑगस्ट १८६४ मध्ये त्याच्या किलपॅट्रिकचं घोडदळ अटलांटाच्या दक्षिणेची लाइन तोडून आलं आणि म्हणालं, आता दहा दिवस गाडी येत नाही. एक-दोन दिवसांतच शर्मनला शहरात गाड्या येताना दिसल्या! घोडेस्वार घाईत असतात, जाळ लागेपर्यंत थांबायला त्यांना सवड नसते. त्यानंतर त्याने घोडदळाचा नाद सोडला आणि पायदळच लाइनीवर बसवलं. रूळ तापवून पिळले, खोदलेल्या कटिंगमध्ये झाडं कोंबली आणि फांद्यांत जिवंत तोफगोळे दडवले, म्हणजे साफ करायला येणारी गँग हात लावायला कचरेल. इथे मात्र माझं कौतुक संपतं. गँग म्हणजे माझीच माणसं.

सांडशी

काका, समोरच्यांनीही शर्मनची लाइन तोडलीच असेल ना?

परमनंटवे

सारखी. आणि दर वेळी काही दिवसांत उभी. चॅटाहूची नदीवरचा ७८० फूट लांब, ९० फुटांहून उंच पूल साडेचार दिवसांत बांधला. शर्मनच्या आठवणींत एक किस्सा आहे. दक्षिणेचे शिपाई आपसात बोलताहेत : आता यांचे हाल, आपल्या घोडदळाने डाल्टनजवळचा बोगदाच उडवला. दुसरा म्हणतो, खुळा की काय, म्हातारा शर्मन बरोबर जादा बोगदा घेऊन फिरतो!

हे आमच्या गँगमनांना जेवणाच्या सुट्टीत सांगितलं असतं तर डबे बाजूला ठेवून हसले असते.

अटलांटाकर

काका, तुमच्यामुळे आता चित्र वेगळंच दिसतंय. रूळ उचलणाऱ्यांकडे बघून वाटतं, अरे हे तर फक्त सुरुवात करताहेत. मॅकनकडून सव्हानाकडे जाणारी लाइन पुन्हा सलग व्हायला १८६६ उजाडलं, असं इथे वाचलं.

बायकोने निकाल दिलाय : जिन्याखाली लावायचं.

परमनंटवे

जागा चांगली आहे. एक शेवटचं सांगतो आणि झोपतो, गोळी घ्यायचीय.

दक्षिणेत बहुतेक ठिकाणी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, पाच फुटी होतं, उत्तरेत चार फूट साडेआठ इंच. युद्धानंतर वीस वर्षं तसंच चाललं. मग ३१ मे आणि १ जून १८८६, अवघ्या दोन दिवसांत, अकरा हजारांहून जास्त मैलांचा एक रूळ तीन इंच आत सरकवला आणि गेज चार फूट नऊ केलं. आतल्या बाजूचे नवे खिळे आधीच ठोकून ठेवलेले. इंजिनं-डब्यांची चाकंही तेव्हाच आत घेतली. पहाटे गँगा सुटल्या : खिळा उपट, रूळ सरकव, खिळा ठोक. मी स्वतः आपल्याकडे नॅरोगेज काढून ब्रॉडगेज टाकताना एका रविवारी चौदा तास उन्हात उभा होतो, तेव्हा या लोकांची आठवण काढली होती. जॉर्जियातही त्याच मार्गांवर, तशाच पहारी. वीस वर्षांपूर्वी तिथे राहणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याने लांबून पाहिलं असेल तर त्याच्या छातीत धस्स झालं असेल.

अटलांटाकर

काका, या सोहळ्याचं चित्र कुठे विकत मिळेल? ते दिवाणखान्यात चालेल.